कडक खळीची चादर

“अहो काकू, हे तर परकराचं कापड!”

महाबळेश्वरच्या एका हॉटेलमालकांनी मी नेलेला गठ्ठा उलगडला आणि असा दचकून हात मागे घेतला, की जणू चादरींच्या मधून कुणाचा खराखुरा परकरच निघाला असावा. मी पहाटे कराडहून एसटीने निघून घाट चढून आलेले, पोटात अजून वळणं फिरत होती, आणि हे गृहस्थ माझ्या पॉपलीनला परकर म्हणत होते. मला धक्का बसला. धक्का अशासाठी, की ते म्हणत होते ते अगदी खरं होतं.

आमच्या भागात पॉपलीन म्हटलं की बायकांना परकर आठवतो आणि पुरुषांना शाळेचा पांढरा सदरा. ते गादीवर अंथरायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. गादीवर कसं, जाडजूड सोलापुरी काहीतरी हवं. मी त्या मालकांना म्हटलं, “परकर दिवसभर अंगाला लागून असतो. त्याने कधी कुणाच्या कमरेला ओरखडा काढलाय का? घरी विचारून या.” त्यांनी घरी विचारलं की नाही देव जाणे, पण ऑर्डर दिली.

कराडच्या बाजारपेठेत माझं चादरी, अभ्रे आणि रजईच्या खोळींचं दुकान आहे. आहे म्हणजे आता सूनबाई बघते. मी मागे खुर्ची टाकून बसते आणि गिऱ्हाइकांना न मागितलेले सल्ले देते. माझा स्वभाव जरा तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते लपणार नाही. आणि दुसरं, मला लवकर धक्का बसतो. इतकी वर्षं लोकांची अंथरुणं बघून आता काही वाटू नये, पण वाटतं. माणसं बाहेर कितीही शहाणी असली तरी अंथरुणाच्या बाबतीत काय करतील याचा नेम नाही.

ज्यांना कापडातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कंटाळू नका. साध्या विणीत एक धागा वर, एक खाली, एवढाच प्रकार असतो. मांजरपाटही तसाच आणि पॉपलीनही तशीच. पण पॉपलीनमध्ये उभे धागे बारीक असतात आणि अगदी खेटून बसवलेले असतात, आडवे धागे त्यामानाने जरा जाड. त्यामुळे कापडावर आडव्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेघा उठतात. नख हळूच उभं फिरवलं तर त्या रेघा कळतात, आणि तळहात फिरवला तर मात्र काहीच कळत नाही, हात नुसता सरकतो. हीच तिची खुबी. गाठी नाहीत, वर लव नाही, घाम शोषते आणि धुतली की लवकर वाळते. महाबळेश्वरला पावसाळ्यात हे लवकर वाळणं किती मोलाचं आहे ते तिथल्या माणसांनाच विचारा. तिथे आषाढात वाळत घातलेला रुमाल श्रावणात काढावा लागतो.

तर त्या हॉटेलचीच गंमत. पॉपलीन त्यांना चांगली मानवली. मग एका हिवाळ्यात सकाळी सकाळी तिथल्या मॅनेजरचा फोन आला. आवाज कापत होता. “काकू, एका खोलीतली चादर रक्ताने भरलीय. पोलिसांना बोलवू का?” माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी म्हटलं, “अहो, आधी डॉक्टरांना बोलवा! माणसं कुठायत?” तर म्हणे, माणसं खाली नाश्ता करतायत, अगदी ठणठणीत आहेत. मग कळलं की नवराबायकोने पलंगावर बसून स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाल्लं होतं आणि उरलेल्या स्ट्रॉबेरीवरच झोपले होते. स्ट्रॉबेरीवर झोपणारी माणसं मी तोवर बघितली नव्हती.

मॅनेजर हुशार. त्याने डागांवर उपाय काढला, “आम्हाला लालच पॉपलीन द्या.” मी नको म्हणत होते, गडद लाल पहिल्या दोनतीन धुण्यांत रंग सोडतो, वेगळी धुवा असं बजावूनही दिलं. त्यांनी ती सगळी पांढऱ्या टॉवेलांबरोबर एकदम मशीनमध्ये घातली. पुढे त्या हॉटेलात बरेच दिवस पाहुणे गुलाबी टॉवेलने तोंड पुसत होते आणि मॅनेजर ती खास योजना असल्यासारखं हसत होता.

हल्ली वेगळीच तऱ्हा आहे. मोबाइलवर चादर मागवायची आणि ती खरी की खोटी हे विचारायला माझ्याकडे यायचं. पाकिटावर धाग्यांचे मोठमोठे आकडे आणि ‘ग्लेस कॉटन’ लिहिलेलं असतं. नाव कॉटन, आत सगळं पॉलिस्टर. मी कडेचा एक धागा काढते आणि काडी लावते. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे भुरी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो आणि त्याचा काळा मणी होतो. गिऱ्हाइकांना हा खेळ फार आवडतो. एका जावयाला तर इतका आवडला की घरी जाऊन त्याने सासरहून आलेल्या रजईचा कोपराच पेटवला. सासूबाई समोर बसलेल्या. त्या बाई नंतर मला जाब विचारायला आल्या. मी धागा म्हटलं होतं हो, रजई नव्हतं म्हटलं!

पण मला खरं सांगायचं आहे ते खळीबद्दल. गिरणीतून येणारं नवं कापड खळ पाजलेलं असतं. विणताना धागे तुटू नयेत म्हणून आधी धाग्यांना आणि मग कापड भरदार दिसावं म्हणून वरून पुन्हा. आमच्याकडचं गिऱ्हाईक काय करतं, कापड अंगठ्याखाली दाबतं, झटकतं आणि कौतुकाने म्हणतं, “कडक हाय. टिकंल.” माझ्या डोक्यात तिडीक जाते. कडकपणा खळीचा, टिकाऊपणा धाग्याचा, दोघांचा काही संबंध नाही. मी कापड नखाने खरवडून पांढरी भुकटी त्यांच्या हातावर पाडते, तरी ते म्हणतात, “असूं द्या, पन कडक हाय.” माझं माहेर कवठे महांकाळचं, सासर कराडचं, दोन्हीकडे हीच रीत. पाहुण्यापुढे ठेवायची चादर कडक, देवाचं वस्त्र कडक आणि फौजी माणसाचं तर सगळंच कडक.

सोनाबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कापड दाबून बघितलं नाही. नुसत्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, डोक्यावरून पदर, हातात इथल्या मोठ्या दवाखान्याची पिशवी.

“ताई, मऊ चादर पायजे. लय मऊ. पाठीला टोचनार न्हाई आशी.”

मी विचारलं, कुणासाठी. मग हळूहळू सगळं कळलं. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव म्हसवडच्या पलीकडे. गोठ्यावर पत्रे बसवताना घसरले, कण्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. आता कॉटवर पडून असत. पाठीला, माकडहाडाशी जखम झाली होती. पडून राहिलेल्या माणसाला होते तशी, आणि ती भरत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की जखम हाडापर्यंत गेली आणि विष रक्तात भिनलं तर आपल्या हातात काही राहणार नाही. हे सांगताना सोनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “हाय का तशी चादर?”

होती. मी माझ्याकडची सगळ्यांत चांगली पॉपलीन काढली. इचलकरंजीच्या मागावरची, बारीक धाग्याची, मोठ्या पन्ह्याची, म्हणजे मध्ये जोड नाही. अशा माणसाखाली जोडाची शिवण येता कामा नये. मी त्यांना सांगितलं की आधी गरम पाण्यात धुवा, गिरणीची खळ जाऊ द्या आणि मगच अंथरा. त्यांनी मान डोलावली. चादरी छातीशी धरून गेल्या.

महिना-दीड महिन्याने पुन्हा आल्या. मी उत्साहाने विचारलं, “काय म्हणतायत सुभेदार?”

“जखम वाढली, ताई.”

खरं सांगते, आधी मला माझ्या कापडाचीच शंका आली. गिरणीवाल्याने सुतात पॉलिस्टर मिसळलं असेल का? सोनाबाईंसमोरच मी त्याच ताग्याचा धागा काढून पेटवला. राख. भुरभुरीत, भुरी, निर्मळ राख. कापडात काही खोट नव्हती. सोनाबाई त्या राखेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मंग माजंच कायतरी चुकत आसंल.”

“तुम्ही पाठ फिरवता ना त्यांची? कूस बदलता?”

“दर दोन तासाला. गजर लावती. सिस्टर म्हनल्या तसं समदं करती. हवेची गादी बी हाय.” सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातली नर्स, एक तरुण मुलगी. ती एक दिवसाआड घरी येऊन जखम धुवून पट्टी करायची. सोनाबाईंच्या बोलण्यात तिचं नाव देवासारखं येत होतं.

मग चूक कुठे होती? मी काही डॉक्टर नव्हे. माझी अक्कल अंथरुणापुरती. पण ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. आमचे हे म्हणाले सुद्धा, “तुझं काम चादर विकायचं, आजारपण घरी आणू नकोस.” हे बँकेत होते, त्यांना सगळं ज्याच्या त्याच्या खात्यात टाकायची सवय. ह्यांच्या अंथरुणाबद्दल म्हणाल तर त्यांची कधी तक्रार आली नाही. सावरीच्या कापसाची चांगली उंच उशी, तिला दर शनिवारी पांढऱ्या पॉपलीनचा ताजा अभ्रा. त्यांना तशीच आवडते.

म्हसवडचा सिद्धनाथ आमचं कुळदैवत. वर्षातून एकदा जातोच. त्या वर्षी दर्शन झाल्यावर ह्यांना भक्तनिवासात चहा पीत बसवलं आणि मी रिक्षा करून सोनाबाईंचं गाव गाठलं.

घर ओळखायला विचारावं लागलं नाही. अंगणात रांगोळीने आखावेत तसे दगड मांडून त्यांना चुना लावलेला. फौजी घर. सोनाबाई मला बघून गडबडल्या, हात पुसत आल्या. “आवं ताई, तुमी? या की, या की. आवं, बघा तरी कोन आलंय, चादरवाल्या ताई आल्यात!”

सुभेदार पुढच्या खोलीत कॉटवर होते. दाढी केलेली, मिशा विंचरलेल्या, बनियन पांढरंशुभ्र. त्यांनी पडल्या पडल्या मला असा रामराम घातला की मी नकळत सरळ उभी राहिले. शेजारी दुसरी कॉट होती, सोनाबाईंची. दोन्ही कॉटवर माझीच पॉपलीन. मला बरं वाटलं. मी कॉटच्या कडेवर हात टेकवला.

आणि हात मागे घेतला.

चादर वाजली. पत्र्यावर बोट आपटावं तशी. मी पुन्हा हात फिरवला. तळहात सरकायला हवा होता, तो खरखरत गेला. कोपरे अशा धारेने दुमडलेले की बोट कापावं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. खळ होती. चांगली दाट, घरी शिजवलेली साबुदाण्याची खळ, वरून कडक इस्त्री. आणि सुभेदारांच्या काखेपाशी, जिथे घाम येत होता तिथे, खळ भिजून पुन्हा वाळून तिचे कंगोरे झाले होते.

“सोनाबाई,” मी म्हटलं, “ह्याला काय केलंत?”

“का वो?” त्यांचा चेहरा एकदम उतरला. “ढिल्ली ऱ्हायली का कुटं?”

“ढिली? अहो, खळ कशाला घातलीत? माझी मऊ चादर, तिचं तुम्ही लाकूड केलंत!”

“सिस्टर म्हनल्या, पाठीखाली सुरकुती पडता कामा न्हाई. एक सुरकुती पडली तर जखम वाढती म्हनल्या. बिनखळीची चादर गोळा हुती, ताई. म्हनून आदी साधी खळ घालीत हुते. जखम वाढाय लागली तशी म्या खळ अजून दाट केली.”

जितकी जखम वाढली तितकी खळ वाढली. ही बाई दोन तासाला उठून नवऱ्याची कूस बदलत होती आणि प्रत्येक वेळी त्याला त्या खरखरीत पत्र्यावरून ओढत होती. कसायाने करू नये ते मायेने चाललं होतं.

“अहो, पण सिस्टरना दिसलं नाही? त्या एक दिवसाआड येतात ना?”

मी तिथूनच सिस्टरला फोन लावायला लावला. आवाज मोठा केला. ती मुलगी आमच्याहून जास्त हादरली. “कडक चादर? कुठली? मी येते तेव्हा त्यांच्याखाली मऊ लुगडं असतं. मी स्वतः हात लावून बघते!”

सोनाबाई शांतपणे म्हणाल्या, “तुमी यायच्या आदी चादर काडून लुगडं घालती की. औषदाचं डाग पडत्यात. चांगली चादर हाय ती.”

मग सिस्टर म्हणाली, “मावशी, ती चादर आत्ताच्या आत्ता काढा. लुगडंच ठेवा. मी येते.” तिला रडू आलं होतं असं मला वाटलं.

मला वाटलं, सुटलं. पण सोनाबाई जागच्या हलेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत कुजबुजल्या, “ह्येंना न्हाई चालायचं, ताई. त्येंना कडकच लागती. एवढ्या वर्साची सवय हाय. आता समदंच गेलं त्येंचं, चालनं गेलं, फिरनं गेलं. बिस्तर तरी त्येंच्या मनासारखं नगो का?” आणि त्या लुगडं आणायला आतल्या खोलीत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला.

सुभेदारांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

“ताई,” अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “चादर ऱ्हाऊ द्या.”

“सुभेदार, तुम्ही शहाणे आहात. अहो, तुमच्या जिवाशी खेळ आहे हा!”

“कमरेखाली मला कायबी कळत न्हाई. वर पाठीला टोचतंय, पर त्ये सोसतंय. तिचं मन मोडू नगा. ती सकाळी उठून खळ शिजवती, चादर धुती, इस्त्री मारती. किती खुशीत करती. मी आसा पडल्यापासनं तिला तेवडंच एक बरं वाटतंय. तिला पयल्यापासनं कडकच आवडती.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

“कुणाला आवडते?”

“तिला.”

मी बघितलं. सोनाबाई लुगडं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

मग माझा तोल गेला. वयाने मोठा माणूस, आजारी, परकं घर, मी काही म्हणजे काही बघितलं नाही. “एका खोलीत राहता ना तुम्ही? एकाच घरात जेवता ना? ही म्हणते ह्यांना आवडते, हे म्हणतात हिला आवडते. मग ती कडक चादर लागते कुणाला? मला? का सिद्धनाथाला?”

सोनाबाई दारातून पुढे आल्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. “आवं, तुमीच म्हनाला हुता की कडक पायजे म्हनून.”

“मी? कवा म्हनालो?”

“लगीन झाल्यावर. पयल्या रजेत. म्या बिस्तर घातलं हुतं माज्या हातानं. तुमी आला, बसला सुदीक न्हाई. चादर समदी उचकटली, चारी बाजूनं ताणून ताणून फिरून घातली. मला वाटलं माज्या हाताचं आवडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी म्या खळ घातली, तवा तुमी म्हनाला, ‘शाब्बास’.”

सुभेदार छताकडे बघत होते. त्यांच्या मानेवरून लाली चढत कानांपर्यंत गेली. सत्तरीचा माणूस असा लाजलेला मी आयुष्यात बघितला नव्हता.

“आगं येडे,” ते म्हणाले, “मी घाबरलो हुतो. तू तितं बसलेली. हातांचं काय करावं मला समजंना. बराकीत तेवडंच शिकलो हुतो, म्हनून चादर ताणली.”

“आन ‘शाब्बास’?”

“त्ये बी... काय बोलावं कळंना म्हनून म्हनालो.”

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. मी कॉटच्या दांडीला धरून उभी होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. नोकरीतल्या प्रत्येक रजेच्या त्या मोजक्या रात्री, आणि निवृत्तीनंतरचा रोजचा दिवस, एका लाजऱ्या जवानाने हातांना काम म्हणून चादर ताणली त्याची एवढी किंमत.

सोनाबाईंनी काही न बोलता नवऱ्याच्या खांद्याखाली हात घातला. मी दुसऱ्या बाजूने. कूस वळवली, चादर ओढून काढली आणि लुगडं घातलं. धुवून धुवून सायीसारखं झालेलं जुनं इरकली. सुभेदारांची पाठ त्यावर टेकली आणि त्यांच्या तोंडून एक “आह” निघाला. बस्स एवढंच. सोनाबाई तो आवाज ऐकून मटकन खाली बसल्या आणि तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

ती चादर मी स्वतः त्यांच्या न्हाणीत गरम पाण्यात घातली. पाणी पिठल्यासारखं झालं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. हळूहळू माझी पॉपलीन माझ्या हाताला पुन्हा सापडली, मऊ आणि गुळगुळीत. सुरकुतीसाठी मी सोनाबाईंना चादरीला चारी बाजूंनी नाडी ओवून गादीखाली बांधायची युक्ती दाखवली. उशीर झाला म्हणून ह्यांचे फोनवर फोन येत होते. मी उचलले नाहीत.

जखम भरायला पुष्कळ वेळ लागला. सिस्टर रोज येऊ लागली, कराडला फेऱ्या झाल्या, एकदा ताप इतका चढला की सोनाबाईंनी मला फोन करून नुसतं “ताई” म्हटलं आणि पुढे बोलवेना. मी त्या रात्री सिद्धनाथाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. पण भरली. खालून गुलाबी कातडी धरली असं सिस्टरने कळवलं तेव्हा मी दुकानात असलेल्या सगळ्यांना पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं नातू झाला.

त्यानंतर सोनाबाई दिवाळीच्या तोंडावर दुकानात आल्या. चेहरा भरला होता. सुभेदारांना आता खुर्चीत बसवता येत होतं, अंगणातल्या चुन्याच्या दगडांवर देखरेख सुरू झाली होती. मी विचारलं, त्यांच्यासाठी अजून चादरी देऊ का?

“न्हाई, त्येंच्या हायत की. मला एक द्या.”

“तुम्हाला?”

“व्हय. माज्या कॉटवर आजून ती जुनीच हाय, खळीची. त्येंची बदलली, माजी तशीच ऱ्हायली.” त्यांनी पॉपलीनवरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा. “मला बी टोचती वो खळीची चादर, ताई. लगीन झाल्यापासनं टोचती. कूस बदलली की आवाज करती. पन ह्येंना आवडती म्हटल्यावर म्हनायचं कुनाला?”

मी चादर बांधून दिली. सूनबाई मागून विचारत होती, “आई, काय झालं? बरं वाटत नाही का?” मी पिशवी उचलली आणि घरी निघाले.

त्या दिवशी शनिवार होता. घरी आल्यावर मी सावरीच्या उंच उशीला नेहमीसारखा ताजा अभ्रा घातला. हे समोर बसून टीव्ही बघत होते. मधूनच त्यांनी मान चोळली. ते मान चोळतात, वर्षानुवर्षं चोळतात, मी समजत होते बँकेतल्या कामाने.

त्यांना तशीच उशी आवडते, असं मी वर लिहिलं आहे. मी त्यांना अजून विचारलेलं नाही.